निर्जन, कोरडे आणि वाया

प्रवासवर्णन हा आपल्या भाषेतील अत्यंत लाडका आणि म्हणूनच अत्यंत बिघडलेला वाङ्मयप्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एके काळी लंडन आणि पॅरिस यांवर त्याचे भागत असे. आता आपले लोक जगाच्या पाठीवर कोठेही जातात, राहतात, संसार थाटतात, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. सिडनी-मेलबर्नसारख्या शहरांत स्थायिक झालेले मराठी बांधव सुटीत मोटार काढून ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो किलोमीटर जातात, तेथील सरोवरांच्या काठी बसून दुर्बिणीतून पक्षी पाहतात आणि परत आल्यावर त्याविषयी उत्साहाने लिहितात. या लेखनाविषयी आमची एक तक्रार आहे. ती शैलीविषयी नाही, शुद्धलेखनाविषयीही नाही. ती तीन शब्दांविषयी आहे. 'निर्जन', 'कोरडे' आणि 'वाया' हे ते तीन शब्द. त्या मुलखाविषयी लिहिताना ते लेखणीतून इतके सहज उतरतात की वाचणाऱ्याला ते निव्वळ वर्णन वाटते. आमच्या मते ते निकाल आहेत; आणि निकाल देणाऱ्याला आपण न्यायासनावर येऊन बसलो आहोत याची जाणीवही नसते.

वाद हवेत राहू नये म्हणून एकच ठिकाण पुढे ठेवतो. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम टोकाकडे, ब्रोकन हिल या खाणींच्या शहरापासून सुमारे ११० किलोमीटरांवर, डार्लिंग नदीच्या काठी मेनिंडी नावाचे पाच-सहाशे वस्तीचे गाव आहे. गावाच्या आसपास, नदीला लागून, उथळ परातींसारख्या खोलगट जागांची एक माळच पसरलेली आहे. येथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो अडीचशे मिलिमीटरांच्या आसपास. उघड्या पाण्यावरून वाफ होऊन जाते ते मात्र वर्षाला दोन मीटरांहून अधिक. तेव्हा ही सरोवरे तेथल्या पावसाने भरत नाहीत हे उघड आहे. शेकडो किलोमीटर दूर, ईशान्येच्या डोंगराळ भागात पाऊस झाला, नद्यांना पूर आले, ते पूर मजल दरमजल करीत डार्लिंगमध्ये उतरले, की पाणी ओढ्यांच्या वाटेने या परातींत शिरे. पूर ओसरला की काही पाणी त्याच वाटेने नदीत परते, उरलेले उन्हाने आटे. हजारो वर्षे हा क्रम चालला. १९४९ साली सुरू होऊन १९६८ साली पूर्ण झालेल्या योजनेने वेदरेल, पामामारू, मेनिंडी आणि कॉन्डिला या मोठ्या सरोवरांना बांध, दरवाजे आणि कालवे घालून त्यांचे साठवणीचे तलाव केले. त्यांची क्षमता १,७३१ गिगालिटर सांगितली जाते. एक गिगालिटर म्हणजे शंभर कोटी लिटर. लगतच १९६७ साली स्थापन झालेले किंचेगा राष्ट्रीय उद्यान आहे. भरल्या वर्षी येथे पेलिकनांचे थवे उतरतात, काळे हंस पोहतात, पाणकावळे, चमचे, शेकाटे आणि नाना जातींची बदके दाटी करतात, आणि सैबेरियात घरटी करणारे तुतवार पृथ्वीचा अर्धा गोल ओलांडून या चिखलात चोच खुपसावयास येतात. असे ठिकाण पाहावयास माणसांनी जावे, याबद्दल आमचे दुमत नाही.

आता पहिला शब्द घेऊ. निर्जन. ज्या नदीला नकाशे डार्लिंग म्हणतात तिला तिच्या काठचे लोक बाका म्हणतात, आणि ते स्वतःला बारकिंजी म्हणवितात. म्हणजे नदीचे लोक. नदीवरून ज्यांनी स्वतःचे नाव घेतले ते तेथे कालपरवा आलेले असणार नाहीत हे सांगावयास पंडित नको. पंडितांनीही ते सांगितलेच आहे. सरोवरांच्या पूर्वकाठी वाऱ्याने रचलेल्या चंद्रकोरीसारख्या टेकड्यांत शिंपल्यांचे, चुलींचे जे अवशेष सापडले ते २०,००० वर्षांहून जुने आहेत. १८३५ साली मिचेल हा सरकारी मोजणीदार आपली तुकडी घेऊन या भागात आला, तेव्हा त्याच्या माणसांनी येथल्या लोकांवर गोळीबार केला आणि माणसे मारली. ज्या भूमीवर गोळ्या झाडण्यासाठी माणसे सापडली ती भूमी निर्जन कशी होती, याचे उत्तर आमच्या प्रवासलेखकांनी द्यावे.

पुढे १८६० साली बर्क आणि विल्स यांची गाजलेली मोहीम याच मेनिंडीवरून उत्तरेकडे गेली. हे दोघे दुसऱ्या वर्षी कूपर्स क्रीकच्या काठी अन्नावाचून आणि अशक्तपणाने मेले. त्याच काठावर यांड्रुवांडा लोक पिढ्यान् पिढ्या पोटभर जेवत आले होते, आणि त्या मोहिमेतला किंग नावाचा जो एक जण वाचला तो या लोकांनी सांभाळला म्हणून वाचला. ज्याला तेथली माणसे दिसत नाहीत त्याला तेथले अन्नही दिसत नाही, हा त्या कथेचा धडा आहे. मेनिंडीच्या बारकिंजींनी आपला भूमीवरील हक्क मान्य व्हावा म्हणून १९९७ साली दावा लावला आणि २०१५ साली न्यायालयाने तो मान्य केला. अठरा वर्षे न्यायालयात उभे राहून ज्यांनी आपण येथे आहोत हे शाबीत केले, त्यांना आपला एक सुटीकर लेखक एका विशेषणाने पुसून टाकतो. तो दुष्टाव्याने तसे करीत नाही. 'निर्जन' हा शब्द कानाला गोड लागतो एवढेच त्याचे कारण. आणि साहित्यात असली कारणे सर्वांत घातक असतात.

दुसरा शब्द कोरडे. 'आम्ही गेलो तेव्हा सरोवरे कोरडी होती, त्यामुळे पाहण्यासारखे काही नव्हते', अशा आशयाची वाक्ये वाचून वाचून आम्ही थकलो. पक्षी पाहणाऱ्या मंडळींत तर हा शब्द अपशकुनासारखा वापरला जातो. वहीत जातींच्या नावांपुढे खुणा करावयाच्या, त्या झाल्या नाहीत, म्हणजे फेरी फुकट गेली! वस्तुतः त्या प्रदेशात कोरडे वर्ष हे सरोवराचे मरण नसते. ती त्याच्या आयुष्याची अर्धी बाजू आहे. भेगाळलेल्या मातीत सूक्ष्म जलजीवांची अंडी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात; वनस्पतींचे बी पडून राहते; सुकलेल्या पाल्यापाचोळ्याचे खत साठते. पाणी आले की काही दिवसांत ती अंडी फुटतात, पाणी जीवांनी गढूळ होते, त्यांवर मासे पोसतात आणि त्या सगळ्यांवर पक्षी. हे पक्षी कोठून कसे येतात हे अजून पुरते उलगडलेले नाही. तिकडच्या पट्टेरी शेकाट्यांच्या अंगावर यंत्रे बसवून पाहिले तेव्हा दूरच्या पावसाची चाहूल लागल्यासारखे ते काही दिवसांत २,००० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून नव्याने भरलेल्या खाऱ्या सरोवरांवर पोहोचल्याचे आढळले. ही सगळी समृद्धी ओल आणि सुकण यांच्या आलटून पालटून येण्यावर उभी आहे. केवळ ओलीचे माप काढून ती मोजता येत नाही.

याचा पुरावा मेनिंडीच्याच पाण्यात उभा आहे. तेथे जाणारे बहुतेक सर्व जण एक छायाचित्र हटकून काढतात: संध्याकाळचे तांबूस पाणी आणि त्यात उभी राहिलेली काळीभोर, निष्पर्ण झाडे. या छायाचित्रांखाली 'निसर्गाची किमया' अशा धर्तीचे मथळे असतात. ती निलगिरीच्या कुळातील झाडे आहेत. पुराचे पाणी काही महिने मुळांशी उभे राहणे त्यांना मानवते, किंबहुना हवेच असते. पण सरोवरांचे तलाव झाल्यावर पाणी वर्षानुवर्षे हटलेच नाही आणि ती उभ्या उभ्या बुडून मेली. ज्याला आपण निसर्गाची किमया म्हणून घरी नेतो ती पाटबंधाऱ्याची करणी आहे. किंग्जफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा विषयच मुळी ओसाड प्रदेशातील सरोवरांवर लादलेले स्थैर्य आणि त्याचा पाणपक्ष्यांवर होणारा परिणाम हा होता; बांध घातलेल्या सरोवरांची मोकळ्या सरोवरांशी तुलना करून त्यांनी दाखविले की हे स्थैर्य पक्ष्यांना मारक ठरते. पूर्व ऑस्ट्रेलियातील पाणपक्ष्यांची विमानातून गणना १९८३ सालापासून दरवर्षी होत आली आहे, आणि तिचा एकंदर कल घटीकडे आहे. तेव्हा बारमाही पाणी असलेले सरोवर ते चांगले आणि आटलेले ते वाईट, ही जी आपल्या पक्षीप्रेमी मंडळींची समजूत, ती पक्ष्यांच्याच मुळावर येणारी आहे.

तिसरा शब्द सर्वांत साळसूद आणि म्हणून सर्वांत भयंकर. वाया. उथळ सरोवरातून पाणी वाफ होऊन जाते, तेव्हा ते वाया जाते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आमची उपजीविका केंद्र सरकारच्या कचेरीत नोंदवह्या भरण्यावर चालते, त्यामुळे रकाना म्हणजे काय आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेल्या शब्दाला किती सामर्थ्य असते, हे आम्हांस पुस्तकांतून शिकावे लागलेले नाही. एखादी रक्कम 'खर्च' या रकान्यात पडली तर तिचा हेतू विचारला जातो; तीच 'तूट' या रकान्यात पडली की ती भरून काढण्याचे हुकूम सुटतात. रकम तीच, पैसे तेच; केवळ मथळा बदलला. मेनिंडीच्या पाण्याचे असेच झाले. कापसाच्या शेतात मुरलेले पाणी 'उपयोग' या रकान्यात पडते. सरोवरात उभे राहून जीवजंतूंना, माशांना, पेलिकनांना आणि काठच्या झाडांना पोसून मग आकाशात गेलेले पाणी 'बाष्पीभवनाने झालेली तूट' या रकान्यात पडते. शेतातले पाणीही अखेर पानांतून वाफ होऊनच जाते, ही गोष्ट मात्र कोणत्याही मथळ्यात येत नाही!

या एका मथळ्यातून काय निघाले ते पाहा. मरे-डार्लिंग खोऱ्याची योजना २०१२ साली मंजूर झाली. तिच्या अंमलबजावणीत मेनिंडीची सरोवरे कमी भरून, लवकर रिती करून वर्षाला सरासरी १०६ गिगालिटर पाणी 'वाचविण्याचा' प्रस्ताव पुढे आला. गावकऱ्यांनी आणि बारकिंजींनी त्याला कसून विरोध केला, आणि तो प्रस्ताव मूळच्या रूपात उभा राहू शकला नाही. पण वृत्ती गेली नाही. २०१६ च्या अखेरीस सरोवरांत भरपूर पाणी होते. साठा ६४० गिगालिटरांच्या वर गेला की त्याचा ताबा खोऱ्याच्या प्राधिकरणाकडे जातो आणि ४८० च्या खाली उतरेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहतो, असा तेथला नियम आहे. पाणी खाली सोडले गेले. वरून नवे पाणी आले नाही. आणि २०१८ संपता संपता सरोवरे जवळजवळ रिती होती. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मेनिंडीपाशी नदीत मासे मेले. एकदा नव्हे, तीनदा, आणि लाखांच्या संख्येने. वाहते पाणी उरले नव्हते. साचलेल्या डोहात शेवाळ माजले. वरचा थर उन्हाने तापला, तळाचा थर प्राणवायूवाचून राहिला. आणि अकस्मात थंड वारा सुटून दोन्ही थर मिसळले तेव्हा सगळे पाणी गुदमरले. मेलेल्यांत मरे कॉड जातीचे प्रचंड, कित्येक दशके जगलेले मासे होते. अवर्षण होते, हे खरे. परंतु ऑस्ट्रेलियाच्या विज्ञान अकादमीने २०१९ साली दिलेल्या अहवालात अवर्षणावर सगळा दोष ढकलला नाही. वरच्या अंगाला होणाऱ्या अतिरिक्त उपशाकडे तिने बोट दाखविले. त्यानंतर २०२३ च्या मार्चमध्ये, अवर्षण नसताना, पूर ओसरल्यावर, त्याच गावापाशी पुन्हा कोट्यवधी मासे मेले. राज्याच्या मुख्य वैज्ञानिकांच्या कचेरीने त्याच वर्षी चौकशी करून सांगितले की हे मृत्यू नदीच्या सर्वांगीण ऱ्हासाचे लक्षण आहेत. ज्या पाण्याला वाया म्हटले होते ते काय काम करीत होते, याची ही पावती समजावी.

आमच्यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा समाचार घेतलाच पाहिजे. पहिला असा की, शेतकऱ्यांना आणि शहरांना पाणी नको काय? हवे. ब्रोकन हिल शहर अनेक दशके याच सरोवरांवर जगले. २०१९ साली वेंटवर्थजवळ मरे नदीपासून २७० किलोमीटरांची नळवाहिनी घालून त्याची तहान वेगळी भागविण्यात आली. तहानलेल्याला पाणी मिळाले याचे वाईट कोणास वाटेल? पण मेनिंडीच्या लोकांची भीती अशी की, शहराचा या सरोवरांतला स्वार्थ संपला म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारा एक बलिष्ठ आवाजही संपला. पाण्याची वाटणी करावी लागते आणि ती करताना कोणाला तरी कमी मिळते, हे आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की ती वाटणी म्हणून केली जावी. एका वाटेकऱ्याचा वाटा आधीच 'वाया' म्हणून खोडून मग उरलेल्यांत न्याय करण्याचा आव आणू नये.

दुसरा आक्षेप असा की, पर्यटकाने एवढा विचार केला तर त्याने जावे तरी कशाला? चार दिवस विसावा घ्यावयास गेलेल्या माणसावर नदीच्या न्यायाचे ओझे का टाकता? या आक्षेपात जीव आहे. सुटीवर गेलेल्या माणसाने मौन पाळले तर आमची काहीही तक्रार नाही. तो पेलिकन पाहो, सुखी होवो. पण तो लिहावयास बसतो. आणि लिहावयास बसला की त्याची सुटी संपली. त्याचा लेख वाचून दुसरा जातो, तिसरा त्या मुलखाविषयी मत बनवितो, आणि कोरडे म्हणजे टाकाऊ, निर्जन म्हणजे बेवारस, आणि बेवारस पाणी गेले तर वाया गेले, ही साखळी पक्की होते. पाणी वळविणाऱ्याला मग वेगळे वकील लावावे लागत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा: तुम्ही मेनिंडी पाहिले आहे काय? पाहिलेले नाही. कारकुनाच्या रजेत आणि पगारात ते बसत नाही. परंतु आम्ही मराठी भाषेच्या तीन शब्दांविषयी लिहीत आहोत, आणि त्या मुलखात आमचा रोजचा वावर आहे. शिवाय हे शब्द समुद्रापार राहणारे नाहीत. कोकणातल्या नद्यांचे पाणी समुद्रात 'वाया' जाते, हे वाक्य आपण किती वेळा वाचले आहे! खाडीतल्या मासळीने आणि तीवरांनी कधी तशी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. आणि उत्तरेत राहणाऱ्या आमच्या वाचकांना तर भरतपूर काही तासांवर आहे. केवलादेव घना १९८५ सालापासून जागतिक वारसा आहे; पण त्याचे पाणी गंभीर नदीवरून अजान बांधाच्या वाटेने यावयाचे, आणि करौलीकडे पांचना धरण झाल्यावर ते पाणी अडले. या शतकाच्या पहिल्या दशकात घन्याने वर्षेच्या वर्षे तहान सोसली. २०१२ साली गोवर्धन नाल्यावरून नळ घालून पाणी आणावे लागले. त्या काळात भरतपूरला जाऊन 'पाहण्यासारखे काही नव्हते' म्हणून परतलेले किती तरी सुशिक्षित लोक आम्हांस भेटले. पाहण्यासारखे पुष्कळ होते. कोरडा तलाव पाहून पाणी कोठे गेले असे विचारणे, हेदेखील पाहणेच आहे; आणि बंद दरवाजा कोणी लावला हे विचारल्यावाचून तळ्याची हकीकत पुरी होत नाही.

म्हणून आमची मागणी अशी. जे मराठी बांधव त्या दूरच्या सरोवरांवर जातात त्यांनी अवश्य जावे, आणि भरल्या वर्षाबरोबर आटल्या वर्षीही जावे. तेथे बारकिंजी माणूस वाटाड्या म्हणून मिळत असेल तर त्याच्याबरोबर हिंडावे, आणि त्याने सांगितलेली नावे आपल्या वहीत पक्ष्यांच्या नावांशेजारी उतरून घ्यावीत. नदीचे नाव लिहिताना बाका हे नाव आधी लिहावे. पाण्यातली मेलेली झाडे दिसली तर ती कशाने मेली ते लिहावे. आणि लेख पुरा झाल्यावर, पाकिटात घालण्यापूर्वी, तो एकदा या तीन शब्दांसाठी तपासून पाहावा. आपल्या नियतकालिकांच्या संपादकांनाही आमची हीच विनंती आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते कटाक्षाने सुधारतात. 'निर्जन' या शब्दाखाली एक रेघ ओढून 'कोणी सांगितले?' एवढे समासात लिहावयास त्यांना फारशी शाई लागणार नाही.